पाण्याची कड

नकाशांत बगुलखेडी दोनदा येते.
एकदा होळकरांच्या लाल शाईत,
एकदा शिंद्यांच्या निळ्या.
इंदूरच्या दफ्तरात मी एकतीस वर्षं काढली,
पण दोन्ही कागद एकावर एक ठेवून
खिडकीशी धरायचं सुचलं
निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात.
मधे रेघच नव्हती.
समासात मोडीत एवढंच,
“तळ्याच्या पाण्याची कड ती हद्द.”

लिहिणाऱ्याने तळं भाद्रपदात पाहिलं असणार,
काठोकाठ.
वैशाख त्याला कोण सांगणार?

पाणी शिंद्यांचं, कोरडं होळकरांचं.
कार्तिकात शिंगाडा काढला की पट्टी उज्जैनला,
त्याच जागी चैत्रात टरबूज लागलं
की सांवेरच्या कचेरीत.
एखाद्या वर्षी खालच्या गल्लीत पाणी शिरायचं,
मागोमाग शिंद्यांचा शिपाई,
धोतर वर धरून, वही डोक्यावर.

यावर हसता आलं असतं.

पण एका साली पाऊस अर्धाच झाला.
तळं ना भरलं ना आटलं,
नुसता चिखल राहिला, गुडघाभर.
चिखल कुणाचा?
दोन्हीकडून स्वार आले.
कीरांची तीन माणसं वेल सोडून हलली नाहीत,
सवाई, मोतीजी, आणि एक जण
ज्याचं नाव दोन्ही फायलींत कोरं आहे.
शेरा मात्र दोन्हीकडे सारखा,
एकाच कारकुनाने लिहावा तसा,
“मयत आमचे हद्दीतील नव्हेत.”

मी गेलो. सांवेरहून सहा मैल, अर्धे पायी.
धूलजी कीर डोंगीतून आला,
मी टेप काढताना बघत राहिला.
“तमारी लकीर तो पाणी पी ग्यो,” म्हणाला,
आणि वल्ह्याने दाखवलं,
तीन दगड, शेंदूर धुपलेला,
गळ्यापर्यंत पाण्यात.
उन्हाळ्यात त्यांच्या भोवतीनं काकड्या लावतो, म्हणाला.
चांगल्या होतात.

टेप मी गुंडाळला.
त्याने उकडलेले शिंगाडे दिले, कागदात.
काठावर बसून सोलले,
बोटं काळी होईतो.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
कुठून?
मी नाव सांगितलं.
त्याने यादी खालवर पाहिली.
असा थांबा नाही, साहेब,
सांवेरपासूनचं देतो.
तीन रुपये जास्त पडले.