वीस सेंटिमीटर

सूरच्या बंदरामागे सालेमचं टायपिंग सेंटर.
माझ्या टेबलाला एकच खिडकी,
तिच्यातून मासळीबाजाराचा वास
न विचारता आत येऊन बसतो.
त्या दिवशी वासाबरोबर सातजण आले.
पुढे इब्राहिम खलफे, दाभोळचा,
कापणाऱ्यांच्या ओट्यावर तेवीस वर्षं.
मागे चौघे मलबारी, एक चितगावचा,
आणि याकूब होडेकर, ज्याला गुरुवारी रात्री
कॅम्पच्या वाटेवर अडवलं होतं:
पिशवीत सुरी, सुरीभोवती ओलं वर्तमानपत्र,
शेजारी सुरमईचं डोकं, कालवणासाठी.

डोकं परत दिलं. सुरी ठेवून घेतली.

बलदियाचा नियम नवा होता:
वीस सेंटिमीटरहून लांब पातं
कामाच्या जागेबाहेर न्यायचं नाही.
कामाच्या जागी कुलपाचं कपाट नाही,
ओट्याखाली ठेवलेल्या चार सुऱ्या रमजानात गेल्या,
आणि सुरी ज्याची त्याने आणायची
हा मुकादमाचा नियम जुना.

"लिव," खलफे म्हणाला, "आमची हत्यारं..."
माझी बोटं थांबली.

अरबीत दोन शब्द आहेत.
एक सैनिकाच्या खांद्यावरचा,
एक सुताराच्या पेटीतला.
आपल्याकडे एकाच शब्दात दोघं नांदतात.
न्हाव्याचा वस्तरा हत्यार, गवंड्याची थापी हत्यार,
दसऱ्याला वडील कापडाच्या कात्रीवर
झेंडू ठेवायचे, तेही हत्यार;
आणि पंचनाम्यात जप्त होतं, तेही.
"सिलाह लिहिलं तर चौकी," मी म्हटलं,
"अदात लिहिलं तर निदान कुणी वाचेल."
याकूब म्हणाला, "म्हणजे आजवर आम्ही
चौकीचाच शब्द बोलत होतो?"

अर्ज झाला. सह्या एकशे बारा,
त्यातले एकसष्ट अंगठे.
बर्फाने आणि खवल्यांनी गुळगुळीत झालेले,
शाई धरेनात.
चितगावच्या हारूनने तीनदा दाबला,
तिन्ही वेळा कागदावर नुसता काळा ढग.
"राहू दे," म्हणाला, "हाच मी."

संध्याकाळी सालेम आला, लग्नाहून,
कमरेला चांदीच्या म्यानातला खंजीर.
अर्ज वाचला. पुन्हा वाचला.
कुणी काही बोललं नाही.
खलफेने फक्त म्यानाची लांबी नजरेने मापली,
कापणाऱ्याची सवय.
"आजोबांचा आहे," सालेम म्हणाला,
"पातं मीसुद्धा कधी पाहिलं नाही."
आणि एकशे तेरावी सही केली.

चार महिन्यांनी बोलावणं.
साहेबाच्या टेबलावर पोलादी पट्टी.
खलफेची सुरी दाभोळहून निघाली तेव्हा अठ्ठावीस होती.
तेवीस वर्षांची सहाण,
पट्टीवर भरली साडेएकोणीस.
झिजत झिजत ती नियमात बसली होती,
कुणाला न सांगता.
साहेबाने कार्ड दिलं, शिक्क्यासकट.
मग याकूबची, नवी कोरी. सव्वीस.
"पुढचा."

खलफेने कार्ड टेबलावर ठेवलं.
"त्यांना विचार,
ह्याची झिजेपर्यंत आमी दारात बसाचा काय?"
मी अरबीत सांगितलं.
एरवी मी कोपरे घासून देतो,
एक 'कृपया' इकडे, एक 'जनाब' तिकडे.
त्या दिवशी नाही.
साहेब पट्टीकडे बघत राहिले,
मग वहीत काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही.

पेटी आली. लोखंडी, हिरवी,
चाळीस कप्प्यांची.
कापणारे एकशे बारा.
कप्प्यांवरून पहिल्याच सकाळी
दोघांत हातघाई झाली,
नुसत्या हातांनी, हे मुद्दाम सांगतो.
याकूबची सुरी अजून चौकीतच आहे.

आज पुन्हा दारात चपला.
मी नवी फाईल उघडतो.
तारीख, विषय, खाली रिकामी ओळ.
खिडकीतला वास थोडा सरकून
सगळ्यांना जागा करून देतो.
"लिव," खलफे म्हणतो,
आणि त्या शब्दापाशी येऊन
या वेळी तोच थांबतो.