झाकणीचा कागद

स्ट्रॉमनेसला डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
थोरा दिवा जवळ ओढते,
फेरीबोटीच्या जुन्या वेळापत्रकातून लाटा फाडते.
कात्रीने नाही, हातानेच,
पांढरी कड राहायला हवी, फेसाची.

आधी पफिनचा ठसा.
त्यावर त्याच आकाराचा कागद झाकून
दीपगृह उमटवायचं.
कागद उचलला की
झाकलेला पक्षी पुढे, दीपगृह मागे.

कार्ड तयार. मजकूर सुचत नाही.
मार्गिटशी अकरा वर्षं बोलणं नाही,
आणि कारण आता नीटसं आठवतही नाही.

टेबलावर तो झाकणीचा कागद:
पक्ष्याच्या आकाराचा, आत पक्षी नाही,
अंगावर तुटकं दीपगृह
आणि कितीतरी नाताळांची सांडलेली शाई.

तोच चिकटवते आत.
खाली फक्त ‘थो’,
मार्गिटला पूर्ण नाव म्हणता येईना
तेव्हाचं.