कान दिसू द्या

कूलर बंद कर, मामाजी म्हणाले,
आणि तांडापेठेतली मे महिन्यातली चारची वेळ
खोलीत येऊन बसली.
माझं कारण असं की वाऱ्यानं चादर फडफडते.
त्यांचं वेगळं:
खसच्या ओलीनं खंजिरीचं कातडं पडतं.

चादर पांढरी, त्यांच्याच मागावरची शेवटची.
त्यानंतर माग विकला नाही,
सरपणात गेला नाही,
हळूहळू वाद्यं होत गेला.
सागवानी पट्टीची एकतारीची दांडी झाली,
धोटे तासून खुंट्या.
भोपळे पारशिवनीच्या बाजारातले,
कडू निघाले म्हणून कुणी घेतले नाहीत ते.
तार लुनाच्या क्लचची.
खंजिरीत झांजांच्या जागी
दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी,
ज्यांचं आता काहीच येत नाही,
एवढा आवाज सोडला तर.

अर्जात लिहिलंय:
प्रत्येक वाद्याचे तीन फोटो,
पांढरी पार्श्वभूमी, सावली नको.
हे लिहिणाऱ्यानं
नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा,
इथे सावली नको असं कुणी म्हणत नाही.

मी लग्नाआधी इतवारीत
हेडाऊंच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायची.
दिवसाला तीस-चाळीस चेहरे.
हनुवटी खाली. हसू नका. कान दिसू द्या.
ते अजून जिभेवर आहे.
एकतारी पाटावर उभी केली, मागे उशी लपवली,
मोबाईल डोळ्यापुढे धरला
आणि सवयीनं बोलून गेले, कान दिसू द्या.

मामाजींनी माझ्या ओठांकडे पाहिलं,
मग खुंटीवर बोट ठेवलं.
हा काय कान, म्हणाले, आणि पिळला.

चाळीस वर्षांच्या खटखटीनं
त्यांचे स्वतःचे कान कधीच नेलेत.
सूर लावायचा तर दांडी दातांत धरतात,
तार छेडतात, डोळे मिटतात,
सूर हाडातून चढू देतात.
एक वाद्य, दोन वाद्यं ठीक.
अकरा वाद्यं होती
आणि ऊन खिडकीतून सरकत फ्रीजपर्यंत पोचलेलं.

मी ओरडून म्हटलं,
मामाजी, फोटोत आवाज थोडीच येते!
तेही ओरडूनच बोलतात, रागावले नसले तरी:
तार ढिली असली तं दिसते ना वं!
झोपलेल्या माणसाचा पासपोर्ट काढत होती का तू?

नव्हते काढत.

मग मी घाई केली नाही.
प्रत्येकाला जागं करेपर्यंत थांबले.
घाम कोपरावरून चादरीवर पडला,
त्या डागावर मी चौंडकं ठेवलं.
भोपळ्याच्या पॉलिशमध्ये खिडकी दिसत होती,
खिडकीत मी, माझ्यामागे वाळत घातलेले टॉवेल.
टॉवेल काढून आले. मला काढता आलं नाही.

शेवटचं वाद्य तीन तारांचं,
ना तुणतुणं ना सारंगी,
पोटाला नारळाची कवटी, गळा रुळाच्या लाकडाचा.
अर्जात रकाना आहे: वाद्याचे नाव.
मी बोटानं हवेत प्रश्नचिन्ह काढलं.
ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.
अजून बोलत नाही ते, म्हणाले. बोललं का सांगतो.

रात्री हे बुटीबोरीहून ड्यूटी संपवून आले,
जेवले, झोपले.
मी पायऱ्यांवर बसून तेहतीस फोटो मोठे करून पाहिले.
नाणी स्पष्ट. कातड्यावरची शीर स्पष्ट.
कवटीवरचे तीन डोळेसुद्धा.
फक्त त्या बिननावाच्या वाद्याची मधली तार
धुरकट, दुहेरी, कडा नसलेली.
हात हलला म्हणावं
तर बाजूच्या दोन्ही केसासारख्या रेखीव.

अस्पष्ट फोटो बाद होतील, असंही लिहिलंय अर्जात.
बदलायला दुसरा होता माझ्याकडे.

आत मामाजींनी कूलर लावला,
त्याची घरघर फक्त आम्हाला ऐकू येते.
नावाच्या रकान्यात मी
"चालू आहे" असं लिहिलं
आणि तोच फोटो जोडला.