जाहिरातीतली तिसरी खोली

डार्लीन म्हणाली, नऊ बाय दहाची आहे,
बेडरूम म्हणावी तर कपाट नाही,
अडगळीची म्हणावी तर खिडकी फार मोठी.
लिहून टाक, ‘घरातलं ऑफिस’.
डुलूथमध्ये हल्ली एवढ्यावर
घर आठवड्यात उठतं.

म्हणून मी माझं बिऱ्हाड घेऊन आले.
अक्रोडी टेबल, आत सगळा भुसा,
फिरती खुर्ची,
पाणी न मागणारं झाड,
आणि पुठ्ठ्याचा लॅपटॉप,
ज्याला दारातूनच पाहावं.
सोळा घरं पाहिली या टेबलानं,
अजून कुणी त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही.

आधी खोली रिकामी करायची होती.
औने लेहतिनेन चौकटीत उभी,
हात ॲप्रनच्या खिशात.
चाळीस वर्षं इथे रेइनोचा रेडिओ होता.
दिवसभर तो गोदीवर
जहाजांत लोहखनिज भरायचा
आणि जेवण झालं की इथे बसून
आभाळात गळ टाकायचा.
कधी चिलीचा दंतवैद्य लागे,
कधी एखादा दीपगृहवाला,
बहुतेक वेळा नुसती खरखर.
‘खरखरीलाही तो हो म्हणायचा,’ औने म्हणाली.

वायरी निघाल्या.
भिंतीवरून तीनशे पोस्टकार्डं निघाली,
मागे फिकट चौकोन राहिले,
त्यांवर मी रंग मारला.
रंगाचं नाव ‘शांत ओट’.
खिडकीच्या चौकटीत मात्र बोटभर भोक,
तार बाहेर जायची तिथे.
आत लोकरीचा बोळा, निळा,
त्याच्याच जुन्या मोज्याचा.
ते मी झाडाच्या कुंडीमागे घेतलं.

घर दाखवायच्या दिवशी मालकानं थांबू नये,
असा आमच्या धंद्यातला नियम.
औने म्हणाली, मी स्वयंपाकघरात असेन,
नियमाला कॉफी देईन.

लोक आले. बूट दारात, पायांत मोजे.
कुणी टेप लावली, कुणी भिंत ठोकली.
एक मुलगी, डेलिया, खुर्चीत बसली,
फोन तोंडासमोर धरून सावकाश फिरली,
उजेड कुठून पडतो,
पाठीमागे काय दिसतं,
साहेबाला पलंग तर दिसणार नाही ना.
मग तिनं आत हाक मारली,
‘इथे नेट कसं येतं हो?’

भांड्यांचा आवाज थांबला.
‘अंटार्क्टिका यायचं,’ औने म्हणाली,
‘जानेवारीत, पहाटे चारच्या सुमाराला.’
कुणी हसलं नाही.
डेलियानं मात्र कुंडी सरकवली,
बोळा काढला,
आणि भोकाला आधी डोळा लावला, मग कान.
सरोवरावरून धुक्याचा भोंगा आला,
बारीक होऊन, तारेसारखा.

बोली लागली, मागितल्यापेक्षा अकरा हजार वर.
अट एकच लिहून आली:
छप्पर, धुराडं, आहे तसं चालेल,
भोक बुजवू नये.

शुक्रवारी सामान परत न्यायला गेले.
टेबल उचलताना खण सटकला.
आत वही होती, रेखलेली,
तारीख, वेळ, कोण, आवाज कसा,
आधी त्याचं तिरपं अक्षर, पानामागून पानं,
मग दीड वर्ष कोरं,
मग तिचं गोल:

रविवार, ११.२०. वकील व बायको. खरखर फार.
११.४५. तिघे. आपसांतच बोलत होते.
१२.१०. मुलगी. स्वच्छ. दोन्हीकडून ऐकू आलं.

आणि त्याच्याही आधी, मंगळवारी:
टेबलवाली बाई. भिंत रंगवताना
काहीतरी पुटपुटत होती. भाषा कळली नाही.
आवाज चांगला.

वही मी ओट्यावर ठेवून निघाले.
माझं ऑफिस म्हणजे ही गाडी,
हीटर चालू, मांडीवर बिलांचं पुस्तक.
टेबल, तीन आठवडे, एकशे ऐंशी.
खुर्ची, नव्वद.
झाडापुढे लिहायला पेन टेकवलं
आणि तशीच बसले,
इंजिन चालू, खिडकी बोटभर उघडी.