ओलं लागते

पंप पाणी उचलत नाही, म्हणून बोलावलं यादोरावनं.
कूलर खोलला. जाळीवर क्षाराची पापडी,
आत एक मेलेलं झुरळ.
घासून धुतली, धार पडली.

तरी खोलीत घाम तसाच.
वाळ्याच्या ताट्या नव्याच होत्या.
कपॅसिटर बदलला, पंखा गरगरला.
शेवंताबाई म्हणाली,
"गार नाई लागत भाऊ, निस्तं ओलं लागते."

मग दिसली समोरची खिडकी,
चार इंची खिळ्यांनी ठोकलेली.
पलीकडे भावाचं आंगण.
धुऱ्याचं भांडण, सात उन्हाळे झाले.

"हवा मुक्कामाले येत नाई," म्हटलं,
"तिले जायले वाट पाह्यजे."
कोणी बोललं नाही.

साठ रुपये घेतले, पंपाचे.
पक्कड खिडकीशी राहिली.
गिरड फाट्यावर आलो तेव्हा आठवली,
असं सांगीन.