अंदाज नको

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत
मी एकेका माणसाला बसवते.
कानांवर हेडफोन, हातात बटण.
‘अगदी बारीक आलं तरी दाबा,’ सांगते
आणि काचेच्या अलीकडे येऊन
आवाज कमी कमी करत नेते.

आज तांबट आळीतले वडके आले होते.
एक्केचाळीस वर्षं हंड्यांवर ठोके घालून
वरच्या पट्टीतलं सगळं गेलेलं.
चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली.
नातीचं नाव शाश्वती,
त्यातला श कधी गेला ते त्यांना आठवत नाही.

मी काहीच वाजवत नव्हते तेव्हाही
ते बटण दाबत होते.
माझ्या टेबलावरचा दिवा लागायचा, विझायचा.
अशा वेळी सांगायचं असतं:
काका, अंदाज नको.
माझ्याच्यानं सांगवेना.
डोळे मिटून बसले होते,
अंगठा तेवढा जागा.

देवा, मी तुझ्याकडे कशी येते ते तू बघतोसच.
त्रिशुंड्याच्या दाराशी स्कूटर तिरकी लावून,
हेल्मेट कोपराला अडकवून.
घंटा दोनदा,
न जाणो पहिली ऐकली नसशील.
मग यादी. भावाची नोकरी, फ्लॅटचा हप्ता,
आईच्या मानेतली गाठ,
गाठ तर डाव्या बाजूची, असं बजावून,
जणू तू उजवीकडे शोधत बसशील.

आणि सहा महिने मनातल्या मनात
तुझा आलेख काढते आहे.
या पट्टीत प्रतिसाद नाही. याही नाही.
खाली सही करायची राहिलीय फक्त.

वडके जाताना म्हणाले,
‘यंत्राचं पुढं बघू, बाई.
पोरगी गुडघ्याला गुडघा लावून बसते,
तोंडाकडे बघितलं की कळतं.’
मग पिशवीतून पेरू काढून ठेवला टेबलावर,
एकच,
थोडा दबलेला.

सात वाजता सगळे गेले.
मी आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं.
इथे आपल्या रक्ताचाही आवाज येतो.
यादी आठवेना.
आई, एवढंच आलं,
तेही तिला हाक मारल्यासारखं.

हेडफोनमध्ये काही नव्हतं.
मी बटण दाबलं.

बाहेर, रिकाम्या खुर्चीसमोर,
पेरूशेजारी,
दिवा लागला असेल.
आतून तो दिसत नाही.

त्या खुर्चीत तू असलास तर
अंदाज नको, असं
मला म्हणू नकोस.