कंबर चौऱ्याऐंशी

शेवंतीने ऑस्ट्रियाहून विचारलं,
स्की एकशे अडुसष्टची घेऊ की सत्त्याहत्तरची?
तिच्या हॉटेलात चादरी धुणाऱ्या मुली
सुटीला बर्फावर जातात म्हणे.

मी कुंभारजुव्यात, लॅपटॉप मांडीवर,
कंपनीच्या दारात उभी.
आधी कुकी घ्या म्हणाले. घेतली.
मग डोंगर, मग संगीत, मग एक दाढीवाला
उडाला तो हवेतच राहिला.
देश निवडा.
यादीत आपला नव्हता, मी आइसलँडची झाले.
लांबी? ‘स्वातंत्र्य अनुभवा.’
रुंदी? ‘तुमची वाट, तुमची लय.’
आकड्यांच्या पानावर टिचकी मारली
तर पुन्हा तोच दाढीवाला.

पडवीत बाबा होडीच्या फळीला रंधा मारत होते.
तासाभराने तळाशी, मुंगीच्या अक्षरात
सापडली एक ओळ:
१२८, ८४, ११२. वळण पंधरा मीटर.
मी मोठ्याने वाचली.

रंधा थांबला.
कानामागची पेन्सिल काढून बाबांनी
फळीवर तीन खुणा केल्या, त्यांतून बाक ओढला.
“नाकाशी रुंद, कंबर बारीक, मागे परत थोडी.
कलवली की आपसूक वळेल.
टोक वर उचललंय?”
फोटोत दिसत नाही, मी म्हटलं, वर त्याचे बूट आहेत.
“उचललेलं असणार. नाहीतर बुडेल.”

बाबांनी बर्फ पाहिलाय तो
बेतूलच्या धक्क्यावर, बांगड्यांच्या पेटीत.

“आखूड घे म्हणावं बायला. नवी आहे.”
आणि पेन्सिलीचा बाक तसाच ठेवून
ते दुसऱ्या फळीकडे वळले.

मांडीवरचा दाढीवाला
अजून खाली आलेला नाही.